वकीलबाईंचा भोंगा

मित्रांनो, कानांवर हात ठेवू नका! मी भोंगा आहे हे खरे, पण आज गाणी लावणार नाही की कुणाच्या नावाने शिमगा करणार नाही. आज मी माझी स्वतःची गोष्ट सांगणार आहे. ती आठवली तरी माझा पत्रा अजून थरथरतो.

माझा जन्म मुंबईतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. पत्रा ठोकून ठोकून मला गोल आकार दिला, अंगाला राखाडी रंग फासला आणि दुकानात टांगून ठेवले. तिथून लग्नकार्यात लाउडस्पीकर लावणाऱ्या काळूरामने मला विकत घेतले. मांडव्याच्या बोटीत त्याने मला मांडीवर घेतले होते. लोक हसत होते, पण तो नवा जावई घेऊन चालल्यासारखा ऐटीत बसला होता.

आमचे गाव खाडीकाठी. एका अंगाला खारे पाणी, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि मध्ये मातीचा लांबलचक बांध. खारे पाणी आत शिरले तर उभे पीक जातेच, शिवाय जमीनही पुढची काही वर्षे रुसून बसते. म्हणून आमच्याकडे एक जुनी रीत आहे, तिला जोळ म्हणतात. बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडले, की गावात हाक जाते आणि घरटी एक माणूस घमेले घेऊन धावतो. शेत कुणाचे, पक्ष कोणता, भांडण कशावरून, हे तेव्हा कुणी विचारत नाही.

माझी सुरुवातीची वर्षे हळदी-लग्नांत मजेत गेली. ठमाबाई म्हणजे आमची धवलारीण. लग्नात ती धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायला बसली की तिचा आवाज मी पार पलीकडच्या गावापर्यंत पोचवत असे. लोक तिचे कौतुक करत आणि मी ते बिनदिक्कत स्वतःकडे घेत असे.

याच ठमाबाईची भाची हेमाली अलिबागच्या कोर्टात वकील झाली. काळा कोट घालून ती पहिल्यांदा गावात आली तेव्हा पोरेटोरे तिच्या मागे धावली होती. मला मात्र तिच्याबद्दल एक तक्रार होती. ती आवाजच चढवत नसे! एकदा खाडीकाठच्या शेतांत भराव टाकून बंगले बांधू पाहणाऱ्या एका बड्या माणसाला तिने कोर्टात इतक्या हळू आवाजात प्रश्न विचारले म्हणे, की तो ऐकण्यासाठी पुढे वाकला आणि वाकता वाकता सगळे खरे बोलून गेला. शेते वाचली. गाव तिला वकीलबाई म्हणू लागले.

मग तिला राजकारणात यायची हुक्की आली. पक्ष निवडला तोही असा, की आमच्या काठावर त्याला कुत्रे विचारत नव्हते. म्हणणे काय, तर जुने जे नीट चालले आहे ते उगाच मोडू नका. बांध राखा, जोळ राखा, कायदा पाळा. काळूमामाने, म्हणजे आमच्या काळूरामने, मला छोट्या टेम्पोवर बांधले आणि आम्ही प्रचाराला निघालो. जिल्हा परिषदेच्या पहिल्या निवडणुकीत आम्ही असे आपटलो की काही विचारू नका. टेम्पो परत येताना लोक टाळ्या पिटत होते. मला फार वाईट वाटले. ती मात्र दुसऱ्या दिवशी काळा कोट घालून कोर्टात हजर!

पुढच्या वेळी ती निवडून आली. विसरत चाललेली जोळ तिने पुन्हा चालू केली, स्वतः घमेले उचलले. मग आला आमदारकीचा सामना. समोर प्रणयशेठ, ट्रकांचा मोठा धंदा असलेला आमच्याच गावचा गडी. काय ते दिवस, मित्रांनो! पाली म्हणू नका, पेण म्हणू नका, माझा घसा बसेपर्यंत आम्ही हिंडलो. वारे आमच्या बाजूने फिरले होते.

प्रचाराची मुदत संपली त्या संध्याकाळी वकीलबाईने स्वतः माझी वायर काढली. "काळूमामा, आता मतदान होईपर्यंत हा गप्प. कायदा म्हणजे कायदा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. भर दुपारी खाडीला उधाण आले. भात कापून शेतात पसरले होते. एवढ्यात चिखलाने माखलेली ठमाबाई धापा टाकत अंगणात आली.

"अगो हेमाली, बांधाला खांड परली! पानी शेतान शिरतंय!"

लोक दूरदूरच्या शेतांत पांगलेले. फोन कुणाकुणाला करणार, आणि कापणीच्या चिखलात फोन घेऊन जातो कोण? सगळ्यांना एकदम हाक मारू शकेल असा गावात एकच होता. मी!

पण टेम्पोवर वकीलबाईचा फोटो होता, निशाणी होती. या दिवशी मी तोंड उघडले तर गुन्हा तिच्यावर. चौकात प्रणयशेठची माणसे टपूनच बसली होती. काळूराम वायर हातात धरून उभा राहिला.

"लावू का? पन मंग तुझ्या निवडनुकीचा काय?"

ती सरळ टेम्पोवर चढली. "लाव, मामा!"

घाईघाईत काळूरामने मशीन चालू केले आणि घात झाला. प्रचाराचा पेन ड्राइव्ह तसाच आत राहिला होता! मी गरजलो, "येत आहेत, येत आहेत! आपल्या हक्काच्या, अभ्यासू, लाडक्या उमेदवार..."

अरे देवा! माझ्याच तोंडाने मी तिचा गळा कापत होतो. मला माझा आवाज गिळता आला असता तर मी गिळला असता. काळूरामने पेन ड्राइव्ह उपटून फेकला. वकीलबाईने माइक ओढला आणि जन्मात पहिल्यांदा ती ओरडली.

"खांड परली! जोळीला चला! घरटी एक जण या! वरच्या आळीतले या, खालच्या आळीतले या! प्रणयशेठ, तुम्हीपण या!"

काय सांगू! शेताशेतांतून माणसे उठली. बाया विळे टाकून धावल्या. कुणी घमेली आणली, कुणी फळ्या आणल्या. टेम्पो बांधापाशी आला तेव्हा पाणी फेसाळत आत घुसत होते. प्रणयशेठ मोबाइल उंच धरून माझे चित्रीकरण करत आला होता. ठमाबाईने त्याच्यासमोर स्वतःच्या शेतातला भाताचा भारा, दाण्यांसकट, खांडीत लोटला.

"मेल्या, फोटू काय काढतंस? तुझी आयपन याच शेताचा भात खाते!"

त्याने एकदा पाण्याकडे पाहिले, मोबाइल खिशात घातला आणि छातीएवढ्या पाण्यात उडी घेतली. माणसे हाताला हात लावून भिंतीसारखी उभी राहिली. भारे, माती, फळ्या, पुन्हा माती! मी वरून ओरडत होतो, "आणखी माती! डावीकडे!" आणि अखेर खांड बुजली. कडेच्या काही शेतांत पाणी गेले, बाकीचे सगळे शिवार वाचले. लोकांनी असा कल्ला केला की माझाच आवाज कुणाला ऐकू येईना.

तेवढ्यात निवडणुकीचे भरारी पथक आले. कुणीतरी तक्रार केली होती. साहेबांनी प्रणयशेठला विचारले, "प्रचाराचा भोंगा वाजला?"

प्रणयशेठ कमरेपर्यंत चिखलात होता. तोंडावरची माती पुसत तो म्हणाला, "मना काय ऐकू न्हाय आला."

सुटलो, असे मला वाटले! पण वकीलबाई पुढे झाली.

"मला ऐकू आला, साहेब. भोंगा माझाच, आवाजही माझाच. मुदतीनंतर वाजला हे खरे आहे. लिहून घ्या."

काळूरामने कपाळावर हात मारला. पथकाने मला टेम्पोवरून उतरवले, गळ्यात चिठ्ठी बांधली आणि पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत आणून टाकले. शेजारी मोडक्या सायकली आणि गंजलेल्या तलवारी. निकालाच्या दिवशी बाहेर फटाके वाजले. दुसराच कुठला तरी कोवळा भोंगा किंचाळत होता, "आमदार हेमालीताई!" आनंदाने मी जागच्या जागी घणघणलो. कोपऱ्यातला उंदीर घाबरून पळाला.

मग एके दिवशी खोलीच्या दारात तिचा आवाज आला. बरोबर काळूराम होता. "एक फोन कर गो, आता तू आमदार हायेस. आपला भोंगा सोरव."

"नाही, मामा. केस चालू आहे. तारीख लागेल तेव्हा कोर्टातूनच सोडवू." तिने दारातून एकदा माझ्याकडे पाहिले, पण फोन काही केला नाही.

मित्रांनो, मला तिचा राग आला नाही. अशा माणसाचा आवाज व्हायला मिळाले, याचा मला अभिमान आहे. माझ्यावर धूळ चढते आहे, चढू दे. तुम्ही काळजी घ्यायचीच असेल तर बांधाची घ्या. पुढच्या उधाणाला मी टेम्पोवर नसेन. खांड दिसली तर कुणाची वाट पाहू नका, तुमच्याच गळ्याने हाक मारा. आणि नंतर कुणी विचारले, तर वकीलबाईसारखे पुढे होऊन सांगा, "हाक मीच मारली."