रिकामी फेरी

बाबा गेले त्याच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी सहाला त्यांच्या खात्यावर एक नोंद उमटली.

आई लॅपटॉपसमोर बसली होती. तिने मुलीला हाक मारली, "पक्कड, इकडे ये गं. तुझ्या बाबांची रिकामी फेरी."

पक्कड हे मुलीचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती बाबांच्या हाताशी हत्यारं द्यायला बसे, आणि एकदा एखादा मुद्दा धरला की सोडत नसे, म्हणून बाबांनी ते ठेवलेलं. आता ती चाळिशीला आली होती, एका महाविद्यालयाचं ग्रंथालय सांभाळत होती, तरी या दोन खोल्यांत नाव तेच.

बाबा लिफ्ट मेकॅनिक होते. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या वर-खाली जाण्याची काळजी वाहिली. त्यांचा एक नियम होता. दुरुस्ती झाली की डबा आधी रिकामा शेवटच्या मजल्यापर्यंत पाठवायचा आणि खाली आणायचा. मग एकटे बाबा आत शिरणार. ते धडधाकट बाहेर आले की मगच बाकीच्यांनी पाऊल टाकायचं. मग खाली कितीही मोठा साहेब घड्याळ बघत तिष्ठत असो. "रिकामी, एक माणूस, मग पब्लिक," असं ते म्हणत. हा नियम लिफ्टपुरता राहिला नाही. पक्कडच्या मोठ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी ते परीक्षेच्या केंद्रापर्यंत एकटेच चालत जाऊन आले होते. आई म्हणायची, "लग्नाआधी आमच्या घरावरूनसुद्धा मारल्यात यांनी रिकाम्या फेऱ्या. माझे वडील पोलिसांना बोलावणार होते."

निवृत्तीनंतर बाबांना ब्लॉकचेनचा नाद लागला. चौकातले चष्मेवाले काका त्यांचे जुने मित्र. दोघं दुकानात काउंटरच्या दोन बाजूंना बसून एकेक गोष्ट शिकले, चुकले, भांडले, पुन्हा शिकले. मग बाबांनी जन्माची पुंजी हळूहळू तिकडे नेली आणि आईसाठी एक वही लिहिली. लिफ्टच्या देखभालीची जुनी नोंदवही होती, तिची मागची पानं कोरी होती. वर लिहिलं होतं: नवशिक्यांसाठी.

पक्कडने आयुष्यात पुष्कळ वाचलं होतं, पण असं पुस्तक तिच्या हाती आलं नव्हतं. बाबांचं अक्षर ठसठशीत, प्रत्येक ओळ जणू लिफ्टच्या दारावर लावायची सूचना.

"पाकीट म्हणतात, पण त्यात पैसे नसतात. त्यात किल्ली असते. पैसे एका वहीत असतात. ती वही हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते. कुणीही उघडून वाचू शकतं, खोडू कुणीच शकत नाही. किल्ली म्हणजे बारा शब्द. ते कागदावर लिहायचे नाहीत, पाठ करायचे."

"इथे बँक नाही, मॅनेजर नाही, तक्रारपेटी नाही. सगळी कामं यंत्र करतं, आणि यंत्राला तुमची ओळख नाही. सामाईक तळं असतं. आपण त्यात नाणी ओतायची. ज्याला कर्ज हवं तो जास्त किमतीचं तारण ठेवून त्यातून नेतो, आणि त्याच्या व्याजाचा वाटा आपल्याला मिळतो. तारण घसरलं तर यंत्र ते परस्पर विकतं. रडून उपयोग नाही."

"प्रत्येक फेरीला थोडं शुल्क लागतं. त्याला गॅस म्हणतात. का म्हणतात ते विचारू नये."

इथे पक्कडला हसू आलं, आणि मग बराच वेळ पुढचं पान उलटवेना.

बाबा दर महिन्याला तळ्यातून थोडी नाणी काढून एक्स्चेंजवरच्या आईच्या खात्यात पाठवत. तिथे त्यांचे नेहमीचे पैसे होत आणि आईच्या बँकेत जात. पाठवतानाही त्यांचा नियम चुकला नव्हता. त्या उघड्या वहीत दर महिन्याच्या तीन नोंदी एकाखाली एक दिसत: शून्य नाणी. एक नाणं. मग बाकीची.

आणि आता, ते गेल्यावर, नुसती शून्यं. रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला. पाठवणारा: बाबांचा पत्ता. घेणारी: आई. रक्कम: शून्य.

"यंत्र असेल काहीतरी," पक्कड पहिल्या दिवशी म्हणाली. "वेळ लावून ठेवली असेल त्यांनी."

"असेल," आई म्हणाली.

पण बाबांचा फोन कपाटाच्या खणात बंद पडून होता. त्याचा आकडी कोड दोघींनाही ठाऊक नव्हता. किल्ली दुसरीकडे कुठेच नव्हती, आईच्या तोंडपाठ बारा शब्दांत सोडून. दुसऱ्या दिवशी पक्कडने खण उघडून फोन हातात घेतला होता. थंडगार, काळा, एका कोपऱ्यात तडा गेलेला. आणि नेमक्या त्या क्षणी लॅपटॉपवर नवी नोंद आली होती. फोन खणात ठेवताना तिने तो उपडा ठेवला.

त्यानंतर ती रोज ग्रंथालयातून थेट आईकडे येऊ लागली. पावणेसहाला दोघी टेबलाशी बसत. आई चहा करून ठेवी. सहाला पडद्यावर नवी ओळ सरके आणि आई म्हणे, "आली." पक्कड मान हलवे. जिन्याशेजारून लिफ्टचा दोर करकरत वर जाई, तिला वाटे, डबा रिकामाच चाललाय.

ही चैन शुक्रवारपर्यंतच परवडणार होती. घरमालकाने या दोन खोल्या विकायला काढल्या होत्या. पहिला हक्क आईचा, पण शुक्रवारी दुपारपर्यंत पूर्ण पैसे भरले तरच. नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. बाबांनी तळ्यात साठवलेलं सगळं त्यासाठीच होतं. ते काढायचं, आईच्या खात्यात पाठवायचं, एवढंच काम. पक्कडने ते सोमवारी करायचं ठरवलं होतं. सोमवारी तिने वही पुन्हा वाचली. मंगळवारी गॅस महाग आहे असं तिने आईला सांगितलं. बुधवारी डोकं दुखत होतं.

खरं कारण तिने मनाशीही धड उच्चारलं नव्हतं. खातं रिकामं केलं, तर सहाला कोण येणार?

गुरुवारी दुपारी आई म्हणाली, "पक्कड, उद्या मला सामान बांधायचंय की नाही, तेवढं सांग."

तेव्हा ती उठली. तिने स्वतःच्या फोनवर नवं पाकीट उघडलं आणि आईला बारा शब्द विचारले. आई ओट्याशी भांडी पुसत होती. हात न थांबवता, पाढे म्हणावेत तसे तिने ते म्हटले. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसलेले बारा शब्द. बाराव्या शब्दानंतर पडद्यावर बाबांचं खातं उघडलं, सगळं जिथल्या तिथे. चप्पल दारात असावी आणि माणूस घरात नसावा, तसं.

तळ्यातून नाणी पाकिटात यायला मिनिटभर लागलं. मग तिने वहीतलं पान काढलं.

"पत्ता बेचाळीस अक्षरांचा असतो. हाताने टाईप करू नये, एक अक्षर चुकलं तर गेलं. जुन्या नोंदीतून उचलावा. पुढची चार आणि मागची चार अक्षरं जुळली की झालं."

तिने सगळ्यात वरच्या नोंदीतून, काल सहाच्या फेरीतून, पत्ता उचलला. आईच्या पत्त्याशी पुढची चार जुळली. मागची चार जुळली.

"रिकामी," ती म्हणाली आणि शून्य पाठवलं. ते गेलं.

"एक माणूस." एक नाणं पाठवलं. पडद्यावर हिरवी खूण आली: पोचलं.

"आलं का गं?"

आईने आपला फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "नाही."

"दोन मिनिटं लागतात."

दोनाची दहा झाली, दहाची वीस. आईच्या खात्यात काही आलं नाही, आणि ती हजारो संगणकांवरची वही तर म्हणत होती की पोचलं. पक्कडने 'सगळी पाठवा' या बटणावर बोट नेलं. पोचलं असं लिहिलंय ना, मग पोचलं असेल. उद्या शुक्रवार. बाबाच रोज पाठवतायत या पत्त्यावर.

हे शेवटचं वाक्य मनात आलं आणि तिने बोट मागे घेतलं. एकटा माणूस आत गेला होता आणि बाहेर आला नव्हता. अशा वेळी बाबा काय करत हे तिने लहानपणी शंभरदा पाहिलं होतं. ते मुख्य स्विच पाडत.

तिने चष्मेवाल्या काकांना फोन लावला.

"काही पाठवू नकोस!" काका ओरडले. "हात मागे घे आधी. घेतलास? आता मला सांग, या शून्यांच्या पत्त्याची मधली अक्षरं काय आहेत? आणि दोन महिन्यांपूर्वीच्या, खऱ्या रकमेच्या पत्त्याची?"

तिने बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. पाचव्यापासून शेवटच्या चारपर्यंत सगळी वेगळी होती.

"चोर आहे तो," काका म्हणाले. "आईच्या पत्त्यासारखा पुढून-मागून दिसणारा पत्ता बनवून घेतात. मग तुझ्या बाबांच्या नावावर त्या पत्त्याला शून्य पाठवतात. शून्याला कुणाची किल्ली लागत नाही गं. शून्यच ते, कुणीही टाकू शकतं. तू कधीतरी घाईत तोच पत्ता उचलशील म्हणून टाकत राहायचं. एक नाणं गेलं म्हणतेस? देवाची कृपा."

"वहीत तसंच लिहिलंय, काका. जुन्या नोंदीतून उचलावा."

"ते मी शिकवलेलं त्याला," काका हळू आवाजात म्हणाले. "पुढची चार, मागची चार. मीच."

फोन ठेवल्यावर पक्कड नोंदी खाली खाली पाहत गेली. खोट्या पत्त्याचं पहिलं शून्य बाबा जायच्या दोन दिवस आधीचं होतं. म्हणजे ते खुर्चीत बसून चष्मा पुसत होते, ती फोनवर त्यांच्याशी औषधांवरून वाद घालत होती, तेव्हाच कुणीतरी त्यांचं नाव उचलून नेलं होतं. आणि गेले तीन आठवडे ती रोज संध्याकाळी या टेबलाशी त्या कुणाची तरी वाट पाहत होती. चहा गार करून.

तिने आईच्या फोनवरून एक्स्चेंजचा पत्ता घेतला आणि बेचाळीसच्या बेचाळीस अक्षरं मोठ्याने वाचून पडताळली. आईने दुसऱ्या पडद्यावर बोट ठेवून प्रत्येक अक्षराला "हं" म्हटलं. मग रिकामी. मग एक माणूस.

"आलं," आई म्हणाली.

मग बाकीची सगळी. पाच वाजून चाळीस मिनिटांनी बाबांची जन्माची पुंजी आईच्या खात्यात उतरली. खोल्या वाचल्या. पक्कडला वाटलं होतं, आपल्याला हायसं वाटेल. तिने तोंड धुतलं आणि पर्स उचलली. सहाच्या आत तिला तिथून निघायचं होतं.

"आई, बस जरा. एक सांगायचंय." तिने सांगितलं. शून्याला किल्ली लागत नाही हेही सांगितलं. "ते बाबा नव्हते, आई."

आईने टेबलावरचे चहाचे डाग ओल्या फडक्याने पुसले.

"मला ठाऊक होतं."

"कोण होतं ते?"

"ते मला कुठे ठाऊक असणार! पण तुझे बाबा नव्हते एवढं ठाऊक होतं. रोज सहाच्या ठोक्याला? अगं, चाळीस वर्षांत तो माणूस एकदा तरी वेळेवर घरी आला होता का? वरातीतसुद्धा उशिरा पोचले, कुणाची तरी लिफ्ट अडकली म्हणून."

पक्कडला हसू आणि रडू एकदमच फुटलं, आणि कोणतं आधी आवरावं ते तिला कळेना.

"मग तू रोज बघत का बसायचीस? 'आली' का म्हणायचीस?"

आईने फडकं पिळून खिडकीच्या गजावर वाळत घातलं. पाठ फिरवूनच म्हणाली, "सहा वाजेपर्यंत तू थांबायचीस."

लॅपटॉप मिटलेला होता. कुणी तो उघडला नाही. सहा वाजून गेले, सव्वासहा झाले, आणि पक्कडने पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवली.