मेव्हण्यापुढची चरबी

मित्रांनो, मी परात. तांब्याची, जुनी, आणि सध्या भलतीच चिडलेली. चिडू नको तर काय करू? आमच्या सौदीतल्या बुरैदा गावात कुणाची छाती दुखली की बोट माझ्याकडे. "या परातीनंच घात केला." अरे, मी काय उठून कुणाच्या तोंडात शिरले?

मला घडवलं एका आंधळ्या तांबटानं, नुसत्या ठोक्याच्या आवाजावरनं. पहिल्यांदा उन्हात ठेवलं तर तळं समजून दोन कावळे माझ्यात बुडी मारायला आले. खोटं वाटतं? कावळ्यांना विचारा.

तेव्हा मी माझ्या आताच्या मालकाच्या, मुतलकच्या, आजीकडे होते. मेंढा कापायचा तो ईदेला, नाहीतर लग्नाला. बाकी वर्षभर मी खुंटीवर आणि माणसं उंटांमागं वाळू तुडवत. खाल्लेली चरबी अंगात राहायची कुठं, वाळूतच जिरायची. मग डांबरी रस्ते आले, गाड्या आल्या. आता दोन घरं सोडून जायचं तरी मुतलक गाडी काढतो. पाहुणा आला की मेंढा, पाहुणा गेला की उरलेला मेंढा. वर गोड सोड्याची बाटली, त्याच्यावर सिगारेट. मुतलकचा बाप माझ्याच काठाशी बसून, छातीला हात लावून गेला. तर लोक म्हणाले, परातीला नजर लागलीय. टाकलं मला बकऱ्यांच्या चाऱ्याला. बकऱ्या मात्र शहाण्या. पोटभर खायच्या आणि कोसभर फिरून यायच्या.

मग एकदा जौहराचा भाऊ आयेद रियाधहून यायचा होता. जौहरा म्हणजे मुतलकची बायको, त्यांच्या पोराची, तुर्कीची आई. मेव्हण्याचा मान म्हणून मुतलकनं मला कल्हई लावून परत बैठकीत आणलं. आयेदच्या काळजाच्या नळीत डॉक्टरांनी नुकतीच स्प्रिंग बसवली होती. पण पुरुषानं दुखणं सांगायचं नाही, ही आमच्याकडची अक्कल. ठाऊक होतं एकट्या जौहराला.

शेजारी जमले. मुतलकनं मेंढ्याच्या शेपटीची पांढरीशुभ्र चरबी तोडली आणि मुठीएवढा गोळा आयेदपुढं ठेवला. मानाचा घास तो.

"नको रे, पोट भरलं," आयेद म्हणाला.

"दोन घासांत? रियाधच्या हवेनं चिमणीचं पोट झालंय तुझं," मुतलक म्हणाला. शेजारी हसले.

"खरंच नको."

"माझ्या घरात नको? हे खाल्लं नाहीस तर माझ्या बायकोला तलाक."

आता ही शपथ म्हणजे आमच्या पुरुषांचं जुनं खूळ. इमाम ओरडून थकले, तरी पाहुण्याला खायला लावायला हे बायकोचा संसार पणाला लावतात. आणि पाहुणा बिचारा खातो. आयेदचा हात माझ्यात आला आणि गोळ्याशी येऊन अडला. एकीकडे बहिणीचं घर, एकीकडे स्वतःचं काळीज. मी तांबं, तरी मला घाम फुटला.

तेवढ्यात दाराआडून जौहरा बोलली, "आयेद, हात मागं घे."

सगळ्यांचे घास थांबले.

"तुर्कीचे बाबा, माझ्या भावाच्या काळजात स्प्रिंग आहे. त्यानं सांगू नको म्हटलं होतं, मी सांगितलं. तलाक द्यायचा तर द्या, मी बोचकं बांधते. पण चरबीच्या गोळ्यापायी माझा भाऊ जायचा नाही."

"अगं, मला काय माहीत?" मुतलक पुटपुटला.

"तुम्हाला तुमचं तरी माहीत आहे? तपासणीहून आलात नि शेजाऱ्यांना सांगितलंत, तब्येत ठणठणीत. कोलेस्टेरॉल बापाच्या वाटेनं चाललंय तुमचं."

एक म्हातारा शेजारी खाकरला. "पोर बरोबर बोलतेय."

मुतलकनं गोळा उचलला. सवयीनं स्वतःच्याच तोंडाकडे नेला, मग सगळे बघतायत म्हणून थबकला आणि मांजरापुढं टाकला. मांजरानं हुंगलं नि ते चालतं झालं. अगदी खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी इमामांनी त्याला फैलावर घेतलं. मनात तलाक नव्हता ना, मग तलाक झाला नाही; पण मोडलेल्या शपथेपायी दहा गरिबांना जेवू घाल. जौहरानं साधा भात आणि मसूर शिजवले, माझ्यातच वाढले. जेवणारे पोटभर जेवले. कुणी कुणाला शपथ घातली नाही. आयेदही त्यांच्यातच बसला, आणि हात कसा न अडता चालला त्याचा.

तर मित्रांनो, मला शिव्या देऊ नका. तुम्ही वाढाल ते मी मुकाट धरते, मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं. आणि समोरचा नाही म्हणाला, की एकदाच ऐका.