दोन्ही बाजूंनी धरलेला नकाशा

मित्रांनो, जगाचा एक जुना नकाशा तुमच्याशी बोलतो आहे. मागे कापड लावलेला, भिंतीवर टांगायचा. माझ्यावर सोव्हिएत संघ अजून आहे, गुलाबी, ऐसपैस पसरलेला. जर्मनी दोन आहेत. म्हणजे मी किती जुना ते तुम्हाला कळलं असेल.

छापखान्यात माझ्या वरच्या दोन कोपऱ्यांना पितळी कड्या ठोकल्या आणि मला वाशीच्या एका शाळेत धाडलं. तिथले इतिहासाचे शिक्षक आप्पा. महायुद्धानंतरचं जग शिकवायची वेळ आली की ते मला खांद्यावर टाकून वर्गात आणत. मुलांची बोटं फिरून फिरून बर्लिनपाशी मी पांढरा पडलो. पाहुणे आले की मुख्याध्यापक मला दाखवत. मग एका वर्षी सोव्हिएत संघ मोडला. नवे नकाशे आले. मला चार घड्या घालून कपाटात टाकलं. वाईट वाटलं का, असं विचाराल. नाही वाटलं. घडीत पडलं की हळूहळू काही वाटेनासं होतं.

निवृत्त होताना आप्पांनी मला कोपरखैरण्याच्या घरी आणलं. आप्पा आता कीर्तन करत. अंगरखा, उपरणं, हातात चिपळ्या. तलावाकाठच्या मारुतीच्या देवळात हनुमान जयंतीच्या आदल्या संध्याकाळी त्यांचं कीर्तन ठरलेलं. वीस वर्षं सारं गाव आणि सगळ्या सोसायट्या एका मांडवात बसत.

तो तलाव एका ठेकेदाराने राडारोडा टाकून बुजवायला घेतला होता. तेव्हा गावचे शिवाभाऊ आणि समोरच्या काठावरच्या सोसायटीचे सुभाषराव एकत्र आले. शिवाभाऊ माणसं घेऊन ट्रकपुढे उभे राहायचे, सुभाषराव कोर्टाची कागदपत्रं करायचे. चार वर्षांनी ठेकेदार हरला. दोघांनी एका ताटात पेढे खाल्ले.

मग तलाव नक्की कोणी वाचवला यावरून बिनसलं, आणि पुढच्याच महिन्यात सोसायटीने आपल्या काठाला कुंपण घातलं. गावाने आपल्या काठाला त्याहून उंच घातलं. सोसायटीने कॅमेरा लावला, गावाने दोन लावले. मग दिवे. तलावातले बगळे उठून गेले. दोन वर्षं ते दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. आणि यंदा दोघेही आप्पांकडे आले. वेगवेगळे. दोघांना वेगळं कीर्तन हवं होतं.

"तलाव आमी वाचवला, आप्पा," शिवाभाऊ म्हणाले. "हे लोक तवा गॅलरीतून चा पीत बघत व्हते."

सुभाषरावांचं उत्तर तयार होतं. "ट्रकपुढे उभं राहून केस जिंकतात का हो? कागद कोणी केले, ते विचारा त्यांना."

आप्पांनी दोघांना एकच सांगितलं. "कीर्तन एकच होईल. दोघं एका मांडवात बसलात तर ठीक. नाहीतर या देवळातलं हे माझं शेवटचं."

मग त्यांनी मला कपाटातून काढलं. घडीवर मी विरलो होतो. आप्पांनी हात फिरवला आणि म्हणाले, "चल रे, अजून एक तास घे."

मांडव भरला. गाव डावीकडे, सोसायटी उजवीकडे, मधे माणूसभर मोकळी जागा. कड्यांत दोऱ्या ओवून मला मागच्या दोन खांबांवरच्या खिळ्यांना टांगलं. आप्पांनी नमन केलं, पूर्वरंगाचं निरूपण झालं. आता मध्यंतराला भजन व्हायचं, यजमानाने बुवांना बुक्का लावून हार घालायचा आणि मग आख्यान. ही रीत. पण यजमान कोण? दोघेही हार घेऊन उठले.

आप्पा दोन पावलं मागे सरकले. "मला नको. आख्यान याचं आहे, यालाच घाला," म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

तेवढीच त्यांची चूक. सुभाषरावांनी आपला हार माझ्या एका कडीला अडकवला. शिवाभाऊंनी आपला दुसऱ्या कडीला, दोरी ओढून जरा वर. सुभाषरावांनी आपली बाजू आणखी वर ताणली. शिवाभाऊंनी आणखी. दोघं माझ्याकडे बघतच नव्हते. खालच्या काठापासून घडी उसवली आणि आफ्रिका उभी फाटली. खिळे निघाले. मला दुखलं नाही. फक्त आवाज ऐकू आला.

पेटी थांबली. पुढे बसलेल्या गावच्या वयस्क राजाबाई म्हणाल्या, "आता उभे काय ऱ्हायलाव? धरा दोघांनी. नायतर आप्पा दावतील कशावर?"

धरण्यावाचून इलाज नव्हता. एका टोकाला सुभाषराव, दुसऱ्याला शिवाभाऊ, मधे मी.

आप्पांनी आख्यान सुरू केलं. आवाज चढवला नाही. "एकोणीसशे पंचेचाळीस. जर्मनीतली एल्बे नदी. इकडून रशियाचे सैनिक आले, तिकडून अमेरिकेचे. गळाभेट झाली. एकमेकांना घरच्यांचे फोटो दाखवले. समोरचा शत्रू संपत आला होता. आणि मग प्रत्येकाला दुसऱ्याची भीती वाटू लागली. एकाकडे अणुबाँब होता, चार वर्षांत दुसऱ्याने केला. एका शहरात भिंत उभी राहिली. ते दोघे समोरासमोर कधी लढले नाहीत. लढले कोरियात, व्हिएतनाममध्ये." मग चिपळ्या खाली ठेवून ते माझ्या फाटलेल्या भागापाशी आले. "आणि इथे, अंगोलात. इथल्या माणसांचं त्या दोघांशी काही भांडण नव्हतं."

धरून धरून सुभाषरावांचा हात अवघडला. त्यांच्याकडची माझी बाजू खाली गेली.

"सुभाषराव," शिवाभाऊ समोर बघतच म्हणाले, "वर घ्या जरा."

"घेतो."

"हात बदला. मी धरतंय तवर."

दोन वर्षांतलं त्यांचं बोलणं एवढंच. पाऊण तास ते मला धरून उभे होते. आरतीलाही दोघांनी मला सोडलं नाही, म्हणून आरती त्यांच्यापुढे नेली. दोघांनी एकेका हाताने घेतली.

कुंपणं अजून तिथेच आहेत. कॅमेरेही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी राजाबाईंच्या ओट्यावर मला पालथं घातलं. शिवाभाऊंनी कणकेची खळ शिजवून आणली, सुभाषरावांनी जुन्या धोतराची पट्टी. चिकटवताना दोघं सांध्यावरून भांडले, आणि खळ वाळेपर्यंत चहा पीत थांबले. आप्पांनी पुढच्या वर्षीची तारीख त्यांना तिथेच सांगितली.

मित्रांनो, तुमच्याकडे असा जुना नकाशा असेल तर त्याची घडी घालू नका. गुंडाळून ठेवा. आणि टांगताना समोरच्याच्या हाताकडे बघा. त्याच्याइतकंच ताणा.