चौदावी खुर्ची

रविवारी सकाळी निर्माती ओदीलचा फोन आला. "आन्सेल्म, आज दुपारी जेवायला ये ना! नाही म्हणालास तर मी रडेन हं."

ओदील, आणि माझ्यासाठी रडणार! गेली चार वर्षं मला कुणी सिनेमात घेतलं नव्हतं. शेवटचं काम श्रवणयंत्राच्या जाहिरातीतलं, त्यातही दिसला तो फक्त माझा कान. आणि ओदीलच्या नव्या सिनेमात दीपगृहावरच्या म्हाताऱ्याची मोठी भूमिका आहे, हे अख्ख्या पॅरिसला ठाऊक होतं. म्हटलं, आन्सेल्म रूदिए, देव पावला! मिशा काळ्या केल्या, चांगला सूट चढवला. टॅक्सीत बसून आढेवेढ्यांची तालीमही केली. "एवढी मोठी भूमिका? बघतो बाई, विचार करतो."

दारातच ओदीलनं मिठी मारली. "वाचवलंस रे बाबा!"

"अगं, त्यात काय एवढं," मी मोठ्या मनानं म्हणालो.

मटण वाढलं गेलं. मी जुने किस्से रंगवत होतो, आता विषय काढेल, मग काढेल म्हणून तिच्याकडे बघत होतो. शेजारी तिचा भाऊ बसला होता, दातांचा डॉक्टर. तो खुशीत म्हणाला, "बरं झालं आलात! वीरोल तापानं पडलेत. टेबलावर तेराजण उरलो असतो, तर ताईनं जेवणच रद्द केलं असतं. तेरातला एक वर्षाच्या आत जातो म्हणे."

"पण वीरोल कशाला येणार होता?"

"अहो, जेवण त्यांच्यासाठीच तर आहे! दीपगृहवाला तेच करतायत ना."

वीरोल! जन्मभर मी नाकारलेल्या भूमिका करणारा. त्यातल्या दोन भूमिकांना बक्षिसं मिळाली, ही गोष्ट वेगळी. मी रुमाल टेबलावर टाकला आणि उठलो. "मला निघायला हवं."

सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक. "नको ना!" ओदीलनं माझी बाहीच धरली. डॉक्टर धावत जाऊन दाराला पाठ लावून उभा राहिला. उभ्या कारकिर्दीत इतक्या जिवाच्या आकांतानं मला कुणी थांबवलं नव्हतं. प्रेक्षकांनी नाही, आणि दोन्ही बायकांनी तर नाहीच नाही. लाज वाटायला हवी होती. पण खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

"चीज आणि गोड होईपर्यंत तरी बस," ओदील कानाशी पुटपुटली. "कॉफी सोफ्यावर घेऊ, मग काही भीती नाही."

बसलो. वर वीरोलच्या नावानं ग्लास उंचावून दोन शब्द बोलायचा मानही मलाच दिला. वीरोलची अशी काही तारीफ केली, की ओदीलचे डोळे भरून आले. "किती मनापासून बोललास रे!" ती म्हणाली. एकालाही शंका आली नाही. चार वर्षांतलं माझं सगळ्यात चांगलं काम ते.

मग कॉफी आली, सोफ्यावर. मी उठून कोट घेतला. सावकाश घातला, एकेक करून सगळी बटणं लावली.

कुणी थांब म्हणालं नाही.