सही नसलेली तक्रार

ओडेसा आमच्या साउथ साइडच्या, काळ्यांच्या वस्तीतल्या वाचनालयात आली ती थेट माझ्या टेबलाशी. ब्रँडल नावाच्या पोलिसाने तिच्या पोराचा, डेमंडचा, जबडा मोडला होता. तिने दिवाणी दावा लावला होता. पोलीस म्हणत होते, ब्रँडल सज्जन माणूस, ही पहिलीच चूक. म्हणून वकिलाला जुन्या तक्रारी हव्या होत्या.

वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली ही दप्तरं कोर्टाने कान पिळल्यावर कुठे शहराने उघडी केली. संगणकावर पोलिसाचं नाव टाकलं की त्याच्यावरच्या सगळ्या तक्रारी समोर येतात. तक्रारदारांची नावं तेवढी झाकलेली. अशा याद्या शोधून देणं माझं रोजचं काम, पण ब्रँडलचं नाव मी आजवर एकदाही टाकलं नव्हतं.

यादी छापून दिली. ओडेसाने चष्मा चढवला.

"अकरा तक्रारी! आणि म्हणे पहिली चूक! लाज कशी वाटत नाही मेल्यांना?" मग तिचं बोट सगळ्यात जुन्या, बारा वर्षांपूर्वीच्या ओळीवर थांबलं. "काळी बाई, वय एकतीस. गाडीतून ओढून मारहाण, दात पडला. शपथपत्रावर सही नाही, चौकशी बंद. ही कोण गं, अर्लीन?"

"नावं देत नाहीत," मी म्हणाले.

"दात पडला तरी सही करायला गेली नाही? एवढं कसलं काम होतं बाईसाहेबांना?"

काम कसलं! दोन पत्रं आली होती मला. पोलिसांच्याच ऑफिसात जाऊन शपथेवर सही करायची, खोटं ठरलं तर माझ्यावरच खटला. भाऊ म्हणाला, ब्रँडलला तुझं घर माहीत आहे. मी पत्रं ठेवून दिली आणि नवा दात बसवून घेतला. भ्याले होते, आणि पुढे त्यालाच शहाणपण म्हणत राहिले.

ओडेसा नरमली. "जाऊ दे. घाबरली असेल बिचारी. एकटी असेल."

तिने शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं. ही माया मला सोसवेना.

"ओडेसा, ती बाई मीच. सहीसाठी दोन पत्रं आली होती, मी ती तशीच ठेवून दिली."

तिने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. चर्चमध्ये आम्ही कित्येक वर्षं एकाच बाकावर बसतो.

"मी साक्ष देते," मी घाईघाईने म्हणाले. "वकील म्हणेल तिथे येते. म्हणेल तिथे सही करते."

"करशील. करायलाच लागेल तुला." तिने यादीची घडी घालून पर्समध्ये टाकली. "तू ती पत्रं ठेवून दिलीस ना, तेव्हा माझा डेमंड पहिलीत होता."