पूजलेलं घड्याळ

काळापुढे राजा आणि रंक सारखेच असतात. सत्त्याण्णव साली शिवरे गावातल्या, बाटल्यांची टोपणं बनवणाऱ्या कारखान्यात पंचिंगचं घड्याळ बसलं, तेव्हा मॅनेजर आनंदरावांनी हे वाक्य त्याच्याखाली रंगवून घेतलं. त्यांना स्वतःला कार्ड नव्हतं.

बाकी सगळ्यांना होतं. घड्याळाच्या फटीत कार्ड घातलं की खट्‌कन वेळ उमटायची. आठपर्यंत निळी, पुढे तांबडी. महिन्यात तीन तांबड्या झाल्या की घरी. सगुणाबाईच्या दोन झाल्या होत्या. ती लांबच्या हिर्डोशी गावची. तिची वेळ एसटी ठरवायची, आणि एसटीला कुणी कार्ड दिलं नव्हतं.

खंडेनवमीला एसटी पुन्हा रखडली. सगुणाबाई पळत गेटात शिरली तेव्हा आठ वाजून गेले होते, मागे जनरेटर धडधडत होता आणि सगळे कामगार घड्याळापुढे हात जोडून उभे होते. ऑर्डर तातडीची, म्हणून मशिनांची पूजा संध्याकाळी काम उरकल्यावर ठेवली होती. पण मालक सकाळीच आले. त्यांच्यासमोर काहीतरी पुजायला हवं, तर आनंदरावांनी आपलं लाडकं घड्याळ पुजलं. हळदकुंकू, नारळ आणि तबकडी झाकेल एवढा झेंडूचा हार. अर्धा नारळ घेऊन मालक जीपने गेले.

मग आनंदरावांनी जाहीर केलं, की पूजेत अडकलेल्यांची तांबडी माफ. एसटीवाल्यांची नाही.

सगुणाबाईने पदराने घाम पुसला, आपलं कार्ड काढलं, बघितलं आणि परत घड्याळाशेजारच्या कार्डांच्या खणात ठेवलं.

"पूजलेल्या हत्याराला आज हात लावत न्हाईत, साहेब."

"हे हत्यार नाही, घड्याळ आहे."

"मग नारळ कशापायी फोडला?"

रांगेत खसखस पिकली. आनंदरावांनी सगळ्यात पुढच्या जलीलभाईंना कार्ड घालायला फर्मावलं. त्यांना तरी नवमीची अडचण नसावी, असा आनंदरावांचा होरा.

"तुमची स्कूटर कुठंय आज, साहेब?" जलीलभाईंनी विचारलं.

स्कूटर घरी होती, कुंकू लावून, हार घालून. ते स्वतः मालकांच्या जीपमध्ये बसून आले होते.

"मग तुमची पूजा आमी कशी मोडायची?" म्हणत जलीलभाईंनी आपलं कार्ड सगुणाबाईच्या कार्डाशेजारी खोचलं. मागोमाग सगळ्या रांगेने खोचलं आणि मशिनं सुरू केली.

आनंदरावांनी सगुणाबाईचं कार्ड स्वतः उचललं, फटीपर्यंत नेलं. कुंकवापाशी हात थबकला आणि मुकाट मागे आला.

नियमाने कोरं कार्ड म्हणजे माणूस गैरहजर. अख्खा कारखाना गैरहजर आणि टोपणांचा टेम्पो मात्र भरून रवाना, हे मालकांना सांगणं जड गेलं असतं. दुपारी आनंदरावांनी निळं पेन काढून सगळ्या कार्डांवर आठ लिहिले. सगुणाबाईच्याही.

संध्याकाळी मशिनांना झेंडू कमी पडला, म्हणून घड्याळाचा हार उतरवला. काटे पहाटेच्या चारावर थांबले होते. वीज तेव्हापासून गेलेलीच होती, आणि जनरेटरची वायर घड्याळापर्यंत कधी ओढलेलीच नव्हती.