कालची क्षमा

आदगोंडानं बी.ए.ला इंग्रजी घेतलं तेव्हा त्याच्या आप्पांनी एवढंच विचारलं होतं, "त्यानं ऊस चांगला येतो काय रं?" माधवनगरजवळच्या त्या गावातून कॉलेजात पाऊल टाकलेला हा पहिलाच गडी, त्यामुळे त्याचा भाव भलताच वधारलेला. कुणाची म्हैस आटली, कुणाला कोर्टाची नोटीस आली, की लोक म्हणायचे, आदूला विचारा, तो शिकलाय. शिकलाय म्हणजे नेमकं काय शिकलाय, हे कोण विचारतो? आणि यालाही ते आवडायचं. न आवडायला काय झालं.

सेहेचाळीस साली सांगलीच्या कॉलेजात त्यांना एक जुनी इंग्रजी भयकथा लावली होती. एक हुशार विद्यार्थी मुडद्यांचे अवयव गोळा करतो, ते जोडून माणूस तयार करतो, त्यात जीव घालतो, आणि तो माणूस डोळे उघडून बघायला लागला की हा बहाद्दर भिऊन पळून जातो. पुढं सगळा सत्यानाश. प्राध्यापक म्हणाले, नुसतं भूत बघू नका, ते ज्या काळातून उठलं तो काळ बघा. मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन धातू लावले की पाय झटका देतो, हे ती गोष्ट लिहिली जाण्याच्या थोडीच वर्षं आधी कळलं होतं. जीव नेमका कुठं संपतो यावर मोठमोठे डॉक्टर भांडत होते. यावर निबंध कोण लिहील? आदगोंडाचा हात वर. साताऱ्याच्या वाचनालयात जुन्या इंग्रजी ज्ञानकोशाचे खंड होते, आणि साताऱ्यातच त्याची थोरली बहीण राजमती दिलेली होती. राहायची सोय आयतीच.

तरी माधवनगर ठेसनावर गाडी सुटायच्या वेळेपर्यंत तो फलाटावरच घुटमळला. आक्काकडं तो वर्षभर गेला नव्हता. मागच्या पंचमीला ती माहेरी आली होती आणि तिचा जवाहर, दुडुदुडु पळणारं पोर, मळ्यातल्या हौदात पडलं. आदगोंडानंच उडी मारून त्याला वर काढलं. पण उपयोग झाला नाही. सांजच्या आत मळ्याच्या कडेला त्याला पुरलं. त्यानंतर आक्काच्या डोळ्याला डोळा द्यायची वेळच त्यानं येऊ दिली नव्हती.

कोरेगावला उतरून मोटारीनं तो साताऱ्याला पोचला तेव्हा भादव्यातलं जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व चाललं होतं. मेहुणे दादासो दिवसभर कापडाच्या दुकानात. राजमती एक वेळ जेवून, उकळलेलं पाणी पिऊन, पर्व पाळत होती. वाळली होती, पण बोलायला तीच आधीची.

"काय शिकिवत्यात तिथं? सांग की."

"आक्का, मुडद्यांची गोष्ट हाय. पर्वात नको."

"माज्या पर्वाची काळजी तुला कवापास्नं? सांग."

मग दुपारी ती सुपात तांदूळ निवडायची आणि तो मराठीत गोष्ट सांगायचा. अशी रंगली म्हणता. राजमतीनं पहिल्याच दिवशी त्या बिचाऱ्या शिवलेल्या माणसाची बाजू घेतली. "जन्म देऊन पळाला? आणि वर त्यालाच राकीस म्हणतोय? लाज कशी वाटली न्हाई ह्याला." आदगोंडाला बरं वाटलं. आक्का हसतेय, चिडतेय, म्हणजे सावरली असं त्यानं मनाशी धरून टाकलं. आणि त्या भरात नको ते बोलून बसला.

"लिहिणारी एक पोरगीच होती आक्का. विशीसुद्धा ओलांडली नव्हती. तिचं तान्हं बाळ गेलं होतं. मग तिला स्वप्न पडलं की बाळ मेलंच नव्हतं, नुसतं गारठलं होतं. शेकोटीपाशी धरून चोळलं आणि ते जगलं." बोलून झाल्यावर त्यानं जीभ चावली.

सूप थांबलं. "मलाबी पडतं," राजमती म्हणाली. "तसंच. मी चोळतीया आणि ते रडाय लागतंय." मग तिनं एक खडा काढून बाजूला टाकला आणि सूप पुन्हा हलवायला लागली.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात त्याला ते पान सापडलं. बेडकाची माहिती हवी होती, मिळाली भलतीच. ती कादंबरी लिहिली जाण्याच्या आधीपासून लंडनात एक मंडळी बुडालेल्यांना परत आणायचं काम करत होती. थेम्समधून काढलेली, नाडी न लागणारी, लोकांनी मेली म्हणून सोडून दिलेली माणसं. त्यांना कोरडं करायचं, ऊब द्यायची, अंग चोळायचं, तोंडाला तोंड लावून वारा भरायचा. आणि थांबायचं नाही. अंग गार पडलं म्हणून सोडायचं नाही. कितीतरी जण असे उठून बसले होते, आपल्या पायांनी घरी गेले होते.

आदगोंडानं खंड मिटला. पण मिटून काय होतंय?

त्या दिवशी हौदाकाठी राजमतीनं पोराला मांडीवर घेतलं होतं. पदरानं पुसत होती, छाती चोळत होती, पाय चोळत होती. सगळे तिच्याकडं नव्हे, आदगोंडाकडं बघत होते. तो शिकलेला ना. त्यानं छातीला कान लावला. स्वतःचीच धडधड एवढी होती की दुसरं काय ऐकू येणार? तरी तो उठून म्हणाला, "गेला." राजमती थांबेना तेव्हा आप्पा म्हणाले, "आदू म्हणतोय न्हवं, मग सोड बाई." तरी ती सोडेना. मग आदगोंडानंच वाकून पोर तिच्या मांडीवरून काढून घेतलं. शेक्सपिअर वाचणाऱ्यानं. शरीरातलं काडीचं काही न कळणाऱ्यानं. मला ठाऊक नाही, एवढे तीन शब्द त्याच्या तोंडातून निघाले नव्हते.

पोर जगलं असतं का? कोण जाणे. कदाचित नसतंही. पण हे कदाचित आता त्याच्या मानगुटीवर बसलं ते बसलंच. त्याला अन्न गोड लागेना. आक्काला सांगावं? सांगून आपण हलके होणार आणि ती? वर्षभर तिनं कसाबसा आवरलेला जीव आपण परत त्या हौदात ढकलायचा? आणि न सांगावं तर तिच्या हातचं जेवायचं तरी कुठल्या तोंडानं? दोन्हीकडून तोच मेला नालायक.

"आदू, तूबी उपास धरलास व्हय?" राजमतीनं चिडवलं. "कॉलेजात पुण्य कमी पडाय लागलं?"

पर्व संपलं आणि क्षमावणीचा दिवस आला. त्या दिवशी जैनांच्या घरी लहानथोर सगळे एकमेकांची क्षमा मागतात. वर्षभरात कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा, म्हणायचं. समोरच्यानं केली म्हणायचं आणि त्यानंही मागायची. घरात माणसांची रीघ लागली होती. त्या गर्दीत आदगोंडा बहिणीसमोर हात जोडून उभा राहिला. शब्द दरवर्षीचेच होते, पण ते म्हणताना तो दोनदा चुकला.

"केली रं बाबा," राजमती हसून म्हणाली. "कॉपीबिपी केलीस काय?" आणि त्याच्या हातावर लाडू ठेवून ती पुढच्या माणसाकडं वळली. आदगोंडाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानातून न विचारता वस्तू उचलावी तशी त्यानं ती क्षमा उचलली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादासो दुकानात गेले. आदगोंडाची वळकटी दाराशी बांधून ठेवलेली, मोटारीला अजून अवकाश होता. राजमती जवळ येऊन बसली.

"बेडकाचं सांगितलंस. पर ते डाक्टर माणसाचं काय करीत हुते, ते सांगितलंच न्हाईस."

काही नाही, असं तो म्हणू शकला असता. तोंड उघडलंही होतं त्यानं. पण काल घेतलेली क्षमा आणि आज परत खोटं, हे त्याच्यानं होईना. त्यानं सगळं सांगितलं. लंडनची मंडळी, ऊब, चोळणं, वारा भरणं. मग म्हणाला, "आक्का, तू बरोबर करत होतीस. मला कळत नव्हतं. मी कळतंय असं दाखवलं आणि त्याला तुझ्याकडनं काढून घेतलं."

राजमती रडली नाही. तिनं त्याच्या वळकटीची दोरी ओढून घट्ट केली.

"काल क्षमा केली तुला," ती म्हणाली. "केली ती केली. आज मागितली असतीस तर केली नसती."

ती उठून आत गेली. आता बाहेर येणार नाही, असं त्याला वाटलं. पण ती आली. हातात जवाहरचं दुपटं होतं. तिनं त्याची गुंडाळी केली, मांडीवर घेतली आणि म्हणाली, "दाखीव."

"काय?"

"कसं करायचं ते. हितं वाड्यातली पोरं रोज हौदावर खेळत्यात. उद्या कोण पडलं तर कुणाकडं बघू मी?"

"आक्का, नको गं."

"दाखीव म्हणते न्हवं."

आदगोंडा गुडघ्यावर बसला. दुपट्याला अजून वेखंडाचा वास होता. त्यानं तोंड टेकून फुंकर घातली. परत घातली. तिसऱ्या वेळेला त्याला हुंदका आला आणि त्यानं डोकं वर केलं.

"थांबलास का?" राजमती म्हणाली. "थांबायचं न्हाई म्हणून लिवलंय, तूच म्हणालास."

त्यानं परत तोंड लावलं. राजमतीचे हात दुपट्यावरून फिरायला लागले, वरून खाली, वरून खाली, त्या दिवशी फिरत होते तसेच. मोटारीची वेळ टळून गेली. दादासो जेवायला घरी आले आणि दारातच उभे राहिले. काय चाललंय ते त्यांना कळेना, आणि आदगोंडाकडं बघून ते म्हणाले, "अरे, तिच्याकडनं ते काढून घे की." आदगोंडानं नाही म्हणून मान हलवली. या वेळी त्यानं काढून घेतलं नाही.